सात सुवर्णांनंतरचे कांस्य
थ्रेड : भारतीय कबड्डी संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी कशी वाचावी?

१/१८
ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताच्या पुरुष कबड्डी संघाला २७-१८ असे हरवले. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणारा संघ कांस्य घेऊन परतला. महिला संघही अंतिम सामन्यात इराणकडूनच २४-२७ असा पराभूत झाला. हा भारतीय कबड्डीचा काळा अध्याय, असे तेव्हापासून सांगितले जाते. प्रत्यक्षात या खेळाच्या शंभर वर्षांच्या वाटचालीतील सर्वांत मोलाची नोंद हीच आहे. ती मोलाची का, हे समजण्यासाठी आधीची सात सुवर्णे नीट वाचावी लागतात.

२/१८
पदकतक्ता हेही इतिहासाचे एक साधनच. राजवाड्यांपासून मराठी अभ्यासकाला एक शिस्त लागली आहे : कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोणाचा उल्लेख नाही, हे आधी विचारायचे. खेळाच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण सहज विसरतो. ‘सलग सात सुवर्ण’ हे शब्द वाचले की छाती फुगते. समोर कोण होते, हा प्रश्न सुचतच नाही.

३/१८
तो प्रश्न विचारून पाहू. बीजिंग १९९०, हिरोशिमा १९९४, बँकॉक १९९८, बुसान २००२, दोहा २००६. या पाच स्पर्धांत पुरुष कबड्डीची एकूण पंधरा पदके दिली गेली. ती पंधराही भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तीनच देशांनी वाटून घेतली. रौप्य आणि कांस्य यांची अदलाबदल होई, सुवर्ण मात्र भारताकडेच राही. हे तिन्ही देश १९४७ पूर्वी एकच होते. म्हणजे स्पर्धा आशियाची होती. पण पदकांसाठीची चुरस वाटणी झालेल्या एकाच घरातील भावंडांमध्ये होती.

४/१८
त्या सुवर्णांची किंमत यामुळे शून्य होत नाही. पाकिस्तान आणि बांगलादेश यांना हरवणे सोपे नव्हते. खेळाडूंनी घाम गाळला होता, हाडे मोडून घेतली होती. परंतु ‘आपण जगात अजिंक्य आहोत’ हा निष्कर्ष त्या पदकांवरून निघत नाही. निघतो तो एवढाच, की जो खेळ आपल्या अंगणात वाढला, त्यात आपण अंगणातल्या सर्वांपेक्षा सरस होतो. जगाने तो खेळ तोवर गांभीर्याने हाती घेतलेलाच नव्हता.

५/१८
अंगणातल्या खेळाला मुळात एक नावही नव्हते. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु. खेळण्याच्या रीतीही निरनिराळ्या. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येई. ‘गामिनी’त एकदा बाद झालेल्या गड्याला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावे लागे. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. केवळ गुणाची नोंद होई. एका गावचा पट्टीचा खेळाडू दुसऱ्या गावी गेला, तर तिथले नियम त्याला नव्याने समजून घ्यावे लागत.

६/१८
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे, सातारा, बडोदा येथील व्यायामप्रेमी मंडळींनी या विविधतेतून एक नियमावली घडवली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये भरवलेली स्पर्धा हा त्यातील महत्त्वाचा टप्पा. त्या काळी जालना, अंबड, परतूर हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हुतूतू तिथल्या मुलांच्याही पायात होता, पण नियम लिहिणाऱ्यांच्या बैठका हद्दीपलीकडे होत होत्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजी झाला. आजच्या जालना जिल्ह्यात कबड्डीचा खेळ स्थानिक मातीतला असला, तरी त्याची नियमावली बाहेरून आलेली आहे.

७/१८
ही गोष्ट छोटी वाटते, पण पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली तिच्यात आहे. खेळ लेखी नियमांत बांधला की तो कोणाच्या एकट्याच्या मालकीचा उरत नाही. साताऱ्यात लिहिलेला नियम अंबडचा मुलगा वाचू शकतो, तसाच तो तेहरानची मुलगीही वाचू शकते. आणि नियम वाचून, सराव करून ती एक दिवस साताऱ्याच्या मुलीला हरवूही शकते. नियम लिहिणाऱ्यांनी हे दार स्वतःच्या हाताने उघडले होते.

८/१८
पुढची पिढी त्या दारातून बाहेर पडली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात कबड्डी होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९७४ मध्ये भारतीय संघ नवजात बांगलादेशात सामने खेळायला गेला. १९७८ मध्ये आशियाई महासंघ, १९८० मध्ये कोलकात्याला पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकांच्या यादीत स्थान. महाराष्ट्रात या खटपटीचे नाव म्हणजे शंकरराव तथा बुवा साळवी; १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो.

९/१८
या तारखांमागचा हेतू पाहावा. त्या कार्यकर्त्यांना केवळ पदके हवी असती, तर खेळ घरातच ठेवणे अधिक सोयीचे होते. त्यांची धडपड प्रतिस्पर्धी मिळवण्यासाठी होती. १९७९ मध्ये प्रा. सुंदर राम जपानला गेले आणि तिथे दोन महिने राहून त्यांनी कबड्डी शिकवली. २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत जपानच्या पुरुष संघाने कांस्य जिंकले. पेरणी आणि कापणी यांत एकतीस वर्षांचे अंतर पडले. त्याच स्पर्धेत इराणने रौप्य मिळवले. घराबाहेरच्या संघांना पदक मिळण्याची ती पहिली वेळ.

१०/१८
इराणशी भारताचे गाठलेले सामने पुरावा म्हणून ओळीने मांडून पाहावेत. विश्वचषक अंतिम सामना, मुंबई २००४ : ५५-२७. पनवेल २००७ : २९-१९. आशियाई स्पर्धा अंतिम सामना, इंचॉन २०१४ : २७-२५. विश्वचषक, अहमदाबाद २०१६ : ३८-२९, आणि त्यातही मध्यंतराला इराणच पुढे होता. पहिल्या सामन्यातले अठ्ठावीस गुणांचे अंतर दहा वर्षांत दोनवर आले होते. अहमदाबादच्या त्याच विश्वचषकात सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असे हरवले होते. जकार्तातही साखळीत कोरियाने २४-२३ अशी पुनरावृत्ती केली. म्हणजे २०१८ चा पराभव अचानक कोसळलेली आपत्ती नव्हती. आकडे कित्येक वर्षे आधीपासून बोलत होते. सुवर्णांच्या झगमगाटात ते कोणी ऐकले नाहीत.

११/१८
जकार्तातील महिलांच्या अंतिम सामन्याला मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असा एक पदर आहे. भारताला हरवणाऱ्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक जुना हिशेब पूर्ण होताना दिसेल. ज्या जागेवर कबड्डी खेळली जाते ते ‘मैदान’ आणि जी जिंकली वा हरली जाते ती ‘बाजी’, हे दोन्ही शब्द मराठीत फारसीकडून आले. काही शतकांनी नाशिकच्या एका बाईंनी इराणच्या मुलींना ‘चढाई’ आणि ‘पकड’ शिकवली. भाषेतून घेतलेले खेळातून परत गेले.

१२/१८
यावर एक आक्षेप ठरलेला आहे. आपणच त्यांना शिकवले, प्रो कबड्डीत पैसे देऊन खेळवले आणि शेवटी त्यांनीच आपल्याला पाडले. मग हा उद्योग करायचा कशाला? आक्षेपातील तपशील खरे आहेत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. इराणच्या फझल अत्राचलीला २०१८ च्या लिलावात यू मुंबाने एक कोटी रुपयांना घेतले आणि त्याच वर्षी तो जकार्तात भारताविरुद्ध उभा राहिला. भारतीय चढाईपटूंच्या सवयी त्याने भारतातच अभ्यासल्या होत्या.

१३/१८
तपशील खरे असले, तरी निष्कर्ष चुकीचा आहे. हॉकीचा दाखला घ्यावा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले, ही कथा शाळेपासून सांगितली जाते. त्या स्पर्धेत हॉकीचे तीनच संघ होते, हे क्वचित सांगितले जाते. दोन्ही सामने हरूनही अमेरिकेला कांस्य मिळाले! १९२८ ते १९५६ या काळात सलग सहा सुवर्णे आली आणि १९६० मध्ये रोमला पाकिस्तानने ती साखळी तोडली. तरी धोक्याची खरी घंटा त्यानंतर वाजली. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. जग पुढे गेले होते, आपली मुले मात्र गवतावरच सराव करत होती.

१४/१८
कबड्डीत तीच चूक वेगळ्या रूपाने समोर उभी आहे. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मॅटवर पायात बूट असतात, वळण्याचा वेग वाढतो, झेप घेण्याचा आणि घोटा पकडण्याचा अंदाज बदलतो. जालन्यासारख्या जिल्ह्यांत, जाफराबाद-भोकरदनपासून मंठा-घनसावंगीपर्यंत, कबड्डीचा पाया अजूनही माती चाळून, पाणी शिंपडून, चुन्याने रेषा आखून तयार केलेल्या मैदानावर घातला जातो. तिथे अनवाणी पायाने घडलेली मुलगी मॅटवरच्या निवड चाचणीला उतरते, तेव्हा तिला प्रतिस्पर्ध्याआधी पायाखालच्या जमिनीशी झुंजावे लागते. मातीवरील स्पर्धांची परंपरा जपलीच पाहिजे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी एक तरी मॅट नसणे याला परंपरा म्हणता येणार नाही. इराणचा धसका घेणाऱ्यांनी आधी या अंतराचा धसका घ्यावा.

१५/१८
आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या इराणने भारताला हरवले, तो इराण दुसऱ्या एका खेळात नेमका भारताच्या जागी आहे. फुटसाल म्हणजे बंदिस्त जागेत, पाच-पाच खेळाडूंनी खेळायचा फुटबॉल. १९३० मध्ये उरुग्वेतील माँतेविदेओ येथे हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने त्याची मांडणी केली. फुटसालची आशियाई स्पर्धा १९९९ मध्ये सुरू झाली. २०२४ पर्यंतच्या सतरा स्पर्धांपैकी तेरा इराणने जिंकल्या आणि उरलेल्या चार जपानने. पण इराण आशियात पहिला राहून थांबला नाही. २०१६ च्या विश्वचषकात त्याने ब्राझीलला स्पर्धेबाहेर काढले आणि तिसरे स्थान मिळवले. बाहेर मोठे प्रतिस्पर्धी होते, म्हणून घरातल्या विजेत्याला वाढता आले.

१६/१८
आणि फुटसालमध्ये भारत कुठे आहे? २०२३ मध्ये भारताचा राष्ट्रीय संघ आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत प्रथमच उतरला. पहिला विजय मिळायला सप्टेंबर २०२५ उजाडला. कुवेतमधील पात्रता फेरीत मंगोलियाचा ३-० असा पराभव झाला. दोन ओळींत संपणारी ही कामगिरी हसण्यावारी नेण्याचा मोह होईल. मात्र १९९० च्या दशकात कबड्डीच्या मैदानावर उतरणारे जपानी खेळाडू याच जागी उभे होते. हरणार हे ठाऊक असूनही ते पुन्हा पुन्हा आले, म्हणून कबड्डीची ‘आशियाई स्पर्धा’ या नावाला पात्र ठरली. हरणाऱ्या संघांचे हे ऋण विजेत्यांच्या यादीत कुठेच लिहिलेले नसते.

१७/१८
हांगझू, ऑक्टोबर २०२३. पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत, शेवटचे काही क्षण उरलेले. पवन सेहरावतच्या एका चढाईवरून नियमाचा अर्थ काय, यावर वाद पेटला. खेळ जवळपास तासभर थांबला, दोन्ही संघांचे खेळाडू निषेध म्हणून मॅटवर बसले. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे अवघ्या एका गुणाने हरवले. अनेकांना तो वाद लाजिरवाणा वाटला. त्याची दुसरी बाजू अशी, की नियमाच्या एकेका शब्दावर भांडण होते ते तुल्यबळांतच. ५५-२७ अशा सामन्यात नियमपुस्तक उघडायला कोण जातो? बडोद्याच्या जिमखान्यातील मंडळींनी घडवलेले नियम प्रथमच इतक्या कसोटीला लागले होते. ते नियम निःसंदिग्ध आणि सर्वांसाठी सारखे ठेवणे, ही आता विजेत्याचीच जबाबदारी आहे. यजमानाने पाहुण्याशी खेळताना पंचाची शिट्टीही आपल्याच हातात ठेवली, तर पाहुणा पुन्हा येत नाही.

१८/१८
म्हणून जकार्ताच्या कांस्याला डाग म्हणणे थांबवावे. बुवा साळवी आणि त्यांच्या पिढीने ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस पराभवाच्या रूपाने आला, इतकेच. २०२६ च्या शरदात आइची-नागोया येथे पुन्हा आशियाई क्रीडा स्पर्धा भरेल आणि कबड्डीचा तक्ता पुन्हा समोर येईल. तो वाचताना नजर पहिल्या ओळीवर थांबू देऊ नये. दुसरा कोण, तिसरा कोण, गुणांचे अंतर किती, पदकांत किती नवे देश आले, आणि भारताच्या संघात मराठवाड्यातल्या मातीवरून मॅटवर पोहोचलेले कोणी आहे का, एवढे पाहावे. सुवर्ण आले तर आनंद करावाच. पण जपान किंवा थायलंडने एखादा सामना आपल्या हातून खेचून नेला, तर त्या रात्रीही बडोदा, सातारा आणि अमरावतीच्या त्या जुन्या मंडळींची आठवण काढावी. खेळ जगभर पोहोचवण्याचे त्यांचे काम पुढे सरकल्याची ती खूण असेल.